नाशिक बोलतंय

काकू माणसांना नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. दूधवाला गिरणाऱ्याहून यायचा म्हणून तो 'गिरणारे'. भांडी घासायला येणाऱ्या मावशी 'पेठ'. माझ्याआधी वरच्या खोलीत राहून गेलेली मुलगी 'चांदवड' होती. तिचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी भाडं, जेवणखाण, येण्याजाण्याची वेळ यातलं काही विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, "कुठून?" मी म्हटलं, नामपूर. मग म्हणाल्या, "त्या नावाचं घरात एक आधीच आहे. तू सटाणा."

सटाणा हा आमचा तालुका. इंदिरानगरात त्यांच्या घरी मी राहिले तेवढी वर्षं सटाणाच होते.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. ट्रंककॉलच्या जमान्यात त्या नाशिकच्या बोर्डावर बसायच्या. तेव्हा ऑपरेटर एकमेकांना गावाच्या नावानेच ओळखायचे. 'मालेगाव, लाइन द्या.' 'बोला, नाशिक.' काका त्याच काळात आमच्या नामपूरच्या छोट्या एक्स्चेंजमध्ये होते. बाजारात कांद्याची आवक झाली की व्यापाऱ्यांच्या फोनची रांग लागायची आणि दिवसभर नामपूर नाशिकला आणि नाशिक नामपूरला हाका मारत राहायचं. एकमेकांचं तोंड बघण्याआधी दोघं दोन वर्षं नुसता आवाज ऐकत होते. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा काकूंनी नवऱ्याचं नाव म्हणून 'नामपूर' घेतलं. मांडव हसला, सासूबाई मात्र बरेच दिवस रुसल्या होत्या, असं काकूच सांगायच्या. सांगताना स्वतः हसायच्या नाहीत.

नोकरी संपली तरी त्या बोर्डावरून उठल्याच नव्हत्या. खुर्चीत पाठ टेकायची नाही. महत्त्वाचं बोलायचं असलं की डाव्या हाताचा तळवा डाव्या कानावर ठेवायचा. दाराची बेल वाजली की आतूनच 'बोला'. कोणी फार वेळ बोलत बसलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली." शेजारपाजारच्या बायकांना याचा राग यायचा. पण त्यांच्या कानाला सगळी लेन वचकून होती. मी राहायला गेले त्या आठवड्यातच त्यांनी जिन्यात थांबवून सांगितलं, की तुझ्या मिक्सरचं बुश गेलंय, चार दिवसांत बसेल. मिक्सर वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघराचं दार बंद. खाली बसून यांना कसं कळलं, असं मला वाटलं. मिक्सर बसला. टाकी भरत आली की मोटरचा आवाज बदलतो, तो त्यांना पाणी वाहून जाण्याआधी कळायचा. भिंतीपलीकडच्या घरातल्या भांडणाकडे मात्र त्यांचं लक्ष नसे. "माणसांचं बोलणं ऐकायचं नसतं," म्हणायच्या, "लाइन नीट आहे का, तेवढंच ऐकायचं असतं."

मी गेले तेव्हा काकांचं विसरणं बरंच पुढे गेलेलं होतं. मुलगी परदेशात आहे हे त्यांना आठवायचं नाही, काकू बायको आहे हेही नाही. काकू म्हणजे घरात कामाला असलेली कोणी चांगल्या घरची बाई, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती. त्यांच्याशी ते अदबीने वागायचे. नाशिकमध्ये इतकी वर्षं काढून शिकलेली शहरी बोली हळूहळू गळून गेली आणि खाली अहिराणी उरली. मला खोली लगेच का मिळाली ते तेव्हा कळलं. मी जिन्यावरून उतरताना 'काय करी राहिनात काका?' एवढं विचारलं तरी त्यांचा चेहरा उजळायचा.

त्यातच त्यांच्या किडन्या गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. एक वार चुकला तर पाय सुजायचे, धाप लागायची. दुसरा चुकवायचा प्रश्नच नव्हता. आणि ते त्यांच्या जुन्या छोट्या गाडीखेरीज कशात बसत नसत. एकदा काकूंनी रिक्षा आणली तर त्यांनी मागून रिक्षावाल्याची मान धरली. त्यामुळे आठवड्यातून दोनदा काकू ती गाडी काढायच्या, कोणी हॉर्न मारला तरी डावीकडच्या लेनमधून हलायच्या नाहीत आणि त्यांना नेऊन आणायच्या. माझी सकाळची पाळी असली की मला वाटेत सोडायच्या. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करत होते.

आवाज सुरू झाला तो अशाच एका मंगळवारी. किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून ताटावर खिळा ओढावा तशी किंचाळी आली. काकांनी दोन्ही कान झाकून घेतले. काकूंनी मान किंचित वाकडी करून ऐकलं आणि म्हणाल्या, "पट्टा." इंजिनाच्या पुढे जो रबरी पट्टा डायनामो आणि पाण्याचा पंप फिरवतो, तो. जरा वेळाने आवाज कमी झाला म्हणून आम्ही निघालो. काका पुढे, मी त्यांच्या मागे.

इंदिरानगरच्या बोगद्यात शिरल्यावर समोर अंधारलेलं होतं म्हणून काकूंनी दिवे लावले, आणि त्याच क्षणी पट्टा पुन्हा किंचाळला. बोगद्याच्या भिंतींवर आपटून तो आवाज चहूकडून यायला लागला. काका ओरडले, "हाऊ आवाज बंद करा," आणि त्यांनी चालत्या गाडीचं दार उघडलं. डाव्या अंगाने एक टेम्पो घुसून पुढे निघालेला होता. त्यांचा एक पाय बाहेर गेलेला मला दिसला. मी मागून त्यांचा शर्ट आणि सीटचा पट्टा असं जे हाताला लागलं ते धरलं आणि दोन्ही पाय पुढच्या सीटला रोवून ओढत राहिले. काकूंनी ब्रेक दाबला नाही. मागून गाड्या होत्या. त्यांनी आधी दिवे बंद केले. आवाज खाली आला. मग वेग कमी करत करत बोगद्याबाहेर येऊन कडेला थांबल्या, उतरल्या, वळसा घालून आल्या आणि काकांचा पाय उचलून आत ठेवला. टेम्पोच्या आरशाने दाराची कड घासली होती. काकूंनी त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या, "दिवे लावले की वाढतो. म्हणजे डायनामोवर भार आला की पट्टा घसरतोय."

त्या क्षणी त्यांना हे सुचावं याचा मला राग आला. मी अजून काकांचा शर्ट सोडला नव्हता.

गॅरेजचा मार्ग बंद होता. मागे एकदा मेकॅनिकचा माणूस गाडी घेऊन गेला तेव्हा काकांना वाटलं गाडी चोरली. ते तिच्या मागे बाहेर पडले आणि संध्याकाळी पाथर्डी फाट्याजवळ अनवाणी सापडले. पुढच्या वेळी मेकॅनिकला घरी बोलावलं. त्याने बॉनेट उघडल्यावर काकांनी मागून येऊन त्याच्या पाठीत काठी घातली. तो पुन्हा येणार नव्हता आणि त्यात त्याचं काही चुकलं असं काकूंनाही वाटलं नाही. तेव्हापासून तेल बदलणं, पाणी घालणं, जमेल तेवढं सगळं त्या स्वतः घरीच करत. पण आता त्यांची बोटं सांध्यांत धरायला लागली होती.

बुधवारी संध्याकाळी त्या जिना चढून वर आल्या. पहिल्यांदाच. म्हणाल्या, "उद्या तुझी सुट्टी आहे. सुई धरताना तुझा हात हलत नाही, ते मी बघितलंय. मला तुझे हात पाहिजेत."

गुरुवारी सकाळी काम सुरू झालं. काका झोपाळ्यावर बसलेले होते, पेठ मावशी त्यांच्याजवळ. काकूंनी पदर कमरेला गुंडाळून चार पिना लावल्या, बांगड्या आणि मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं, आणि डोक्यावर काकांची माकडटोपी घातली. उन्हाळ्याच्या तोंडावर ती टोपी बघून समोरच्या गॅलरीतली मुलं हसत होती. माझी ओढणी काढायला लावली, माझ्या वेणीचा त्यांनी स्वतः अंबाडा घातला, इतका घट्ट की भुवया ताणल्या. फिरता पट्टा काय करतो हे त्यांनी एकाच वाक्यात सांगितलं: तो आधी धागा घेतो, मग बोट, मग हात. गाडीची किल्ली त्यांनी नाडीत ओवून कमरेला बांधली. ती किल्ली त्यांच्या कमरेला असेल तेव्हाच माझा हात आत जाणार, नाहीतर नाही. दुसरी किल्ली काकांनी कुठेतरी ठेवली होती. 'जपी ठेवेल शे' एवढंच ते सांगायचे. काकूंनी वर्षभर शोधून नाद सोडला होता.

इंजिन चालू करून त्या कितीतरी वेळ नुसत्या ऐकत उभ्या होत्या. मग तुळशीवर पाणी मारायचा फवारा घेऊन लांबूनच पट्ट्याच्या आतल्या बाजूला थोडं पाणी मारलं. किंचाळी एकदम थांबली, आणि पाणी उडून गेल्यावर परत आली. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डायनामोच्या अंगाला लावलं आणि मूठ कानाला. इतक्या वाकल्या होत्या, की माझं सगळं लक्ष त्यांच्या टोपीच्या गोंड्याकडे होतं. गाडी बंद करून म्हणाल्या, "बेअरिंग ठीक आहे. पट्टा वाकडा धावतोय."

त्यांनी सांगायचं आणि मी करायचं, असं चाललं. डायनामोचा बोल्ट पान्याने सैल केला, डायनामो इंजिनाकडे ढकलला, तसा पट्टा ढिला होऊन हातात आला. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत झालेली, एका कडेला चिरा. पट्टा ज्या चाकांवरून धावतो त्या डायनामोच्या आणि पंपाच्या पुल्या हाताने फिरवून बघितल्या. दोन्ही बिनआवाज फिरल्या. दोष सापडला तो खाली: डायनामो ज्या पट्टीवर बसतो तिचा एक बोल्ट अर्धा बाहेर आला होता. म्हणून डायनामो तिरपा, म्हणून पुली तिरपी, म्हणून पट्टा एका बाजूने झिजत आलेला. तो बोल्ट मी आवळला. जुना पट्टा पिशवीत घालून स्कूटरवर मुंबई नाक्याकडे गेले आणि तिथल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातून तसाच नवा आणला. दुकानदार चाचांनी दोन्ही पट्टे एकावर एक धरून मोजले, आणि नवा लावण्याआधी पुली सरळ आहे का बघा, एवढं बजावलं.

दुपारी काका जेवून झोपले. पेठ मावशी घरी गेल्या. काकूंनी बाहेरच्या दाराला कडी घातली आणि आम्ही पट्टा चढवायला घेतला.

गाडी घराच्या बाजूच्या बोळात, तोंड मागच्या भिंतीकडे करून उभी असायची. डाव्या अंगाला कंपाउंडची भिंत अगदी लगत. मी बंपर आणि मागची भिंत यांच्यामध्ये, डाव्या कोपऱ्यात उभी होते. बाहेर पडायचं तर बंपरची सगळी रुंदी ओलांडून काकूंच्या बाजूला यावं लागलं असतं. बॉनेट वर, त्यामुळे समोरची काच दिसत नव्हती. शेजारी पाण्याचा टँकर आलेला होता आणि त्याचा पंप असा धडधडत होता, की काकू मला खुणांनी सांगत होत्या. पट्टा खालच्या पुलीवर बसला, पंपाच्या पुलीवर बसला. तिसऱ्या पुलीवर तो बोटांनी ढकलत न्यायचा होता. माझी चार बोटं पट्टा आणि पुली यांच्यामध्ये होती.

टँकरचा पंप थांबला. एकदम शांतता झाली. काकूंची मान वळली. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरून इतक्या जोराने मागे खेचलं, की मी भिंतीवर आपटले, आणि इंजिन सुरू झालं.

अर्धवट चढलेला पट्टा सुटला, बॉनेटच्या आत फाडकन आपटला आणि लोंबत राहिला. माझी बोटं मी छातीशी धरली होती. ती आहेत का, हे बघायचं धैर्य होत नव्हतं.

काका मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने आले होते. पायजमा, वर इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. ती हरवलेली किल्ली त्यांना सापडली होती, कुठे ते कधीच कळलं नाही. काकू चालकाच्या खिडकीपाशी गेल्या. मी कोपऱ्यातून निघायला पाऊल उचललं तेवढ्यात काकांनी आत गाडीचा आवाज वाढवला. बंपर हलल्यासारखा वाटला आणि मी पुन्हा भिंतीला चिकटले.

काकू म्हणाल्या, "अहो, किल्ली फिरवा. बंद करा गाडी."

"कोन शे?"

"मी आहे."

"मी कोन?"

काकांनी त्यांना समजावून सांगितलं, की वणीला जायचं आहे, माय तिथे वाट देखी राहिनी, उशीर झाला तर ती एकटीच गड चढायला लागेल. त्यांची आई कधीच गेलेली होती. काकूंनी खिडकीतून हात आत घातला तसा काकांनी तो झटकला आणि ते काच वर घ्यायला लागले. मग गिअर पडल्याचा खट्ट आवाज आला. तो मलाही ऐकू आला. आता फक्त त्यांचा डावा पाय क्लचवरून सुटायचा होता. मी पोट आत ओढून घेतलं, जणू त्याने माझ्यात आणि बंपरमध्ये जास्त जागा होणार होती.

काकू एक पाऊल मागे सरल्या. त्यांनी पाठ ताठ केली, माकडटोपीवरूनच डाव्या कानावर तळवा ठेवला. आणि त्यांचा आवाज बदलला. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तरुण, सपाट, स्वच्छ.

"नामपूर," त्या म्हणाल्या. "नामपूर, नाशिक बोलतंय."

वर जाणारी काच थांबली.

"नामपूर, ऐकू येतंय का?"

इंजिनाचा आवाज थोडा उतरला. "बोला, नाशिक," काका म्हणाले. अहिराणीत नाही, नेटक्या, सरकारी मराठीत.

"तुमची लाइन खराब आहे. फार खरखर येतेय. कॉर्ड काढा, मी परत लावते."

कॉर्ड म्हणजे बोर्डावरची ती दोरी, जिचं टोक भोकात घातलं की दोन माणसं जोडली जायची आणि उपसलं की तुटायची. काका अडून बसले. "पार्टी थांबलेली आहे, नाशिक. अर्जंट कॉल आहे."

"अर्जंट आहे म्हणूनच सांगते. सगळ्यांच्या आधी तुमचा लावते. काढा कॉर्ड."

मी कोपऱ्यातून त्यांचा चेहरा बघू शकत नव्हते. काकूंचा बघत होते. त्यात काहीच नव्हतं, फक्त डोळे मिटलेले होते. लाइनची खरखर ऐकत असाव्यात तसे.

काका म्हणाले, "बरं. काढतो." आणि त्यांनी किल्ली फिरवून उपसली. इंजिन थांबलं, क्लच सुटल्यावर गाडीने एक लहानसा धक्का दिला आणि बंपर माझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थबकला. अर्ध्या काचेच्या वरून काकांचा हात बाहेर आला. बोटांत किल्ली लोंबत होती. काकूंनी ती घेतली.

"आभारी आहे, नामपूर," त्या म्हणाल्या.

त्यांनी काकांना आत नेऊन निजवलं. मी बोळातून बाहेर येऊन पायरीवर बसले आणि बोटं एकेक करून हलवली. तर्जनीचं नख निघाल्यासारखं झालं होतं, बाकी काही नाही. मग जे रडू आलं ते आवरेना. काकू परत आल्या तेव्हा मी त्यांना म्हणाले, की मी ही खोली सोडते आहे. आज जे झालं ते मला पुन्हा बघायचं नाही.

"सोड," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे तुझं. वर जाऊन पड. मी करते."

मी वर गेले नाही. बघत राहिले. त्यांनी लोंबणारा पट्टा सोडवला. त्याच्या आतल्या धारांपैकी एक फाटून सुटी झाली होती. तो वाया गेला होता. त्यांनी तो ओट्यावर पसरला आणि जुना, चिरलेला पट्टाच परत चढवायला घेतला. बोटं वाकत नव्हती म्हणून तळव्यांनी ढकलत होत्या. पट्टा पुलीच्या कडेपर्यंत जायचा आणि निसटायचा. पुन्हा जायचा, पुन्हा निसटायचा. त्या एकदाही माझ्याकडे वळल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.

मी उठून स्कूटर काढली. मुंबई नाक्यापर्यंत जाताना मी मनात नामपूरची बस पकडत होते, दुसरीकडे खोली बघत होते, काय काय करत होते. दुकानदार चाचा शटर अर्धं ओढून नमाजाला निघाले होते. मी फाटका पट्टा पुढे केला. त्यांनी तो बघितला, मग माझ्या रुमाल गुंडाळलेल्या बोटाकडे बघितलं. काय झालं ते विचारलं नाही. "हाथ सलामत है ना, बेटी?" एवढं म्हणाले आणि शटर पुन्हा वर केलं.

परत आले तेव्हा काकूंनी आधीच बॅटरीची वायर काढून ठेवली होती. काकांना उठवून त्यांनी बोळाच्या तोंडाशी, आम्हाला दिसतील असे, खुर्चीवर बसवलं होतं. त्यांच्या मांडीवर फाटका पट्टा दिला. ते तो जपमाळेसारखा बोटांतून सरकवत बसले. पट्टा चढवताना माझा हात हलत होता. सुई धरताना जो कधी हलला नाही तो. काकूंनी आपला तळवा माझ्या मनगटाखाली आधाराला दिला आणि तसाच धरून ठेवला. पट्टा बसला. काकूंनी टॉमीच्या लोखंडी दांड्याने डायनामो मागे रेटून धरला, मी बोल्ट आवळला. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा बोटाच्या जाडीएवढा आत गेला पाहिजे, जास्त नाही, कमी नाही. गेला.

वायर जोडून काकूंनी गाडी सुरू केली. दिवे लावले. पंखा लावला. काकांनी खुर्चीतून मान वर करून बघितलं आणि परत पट्टा सरकवायला लागले. किंचाळी नव्हती. काकूंनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बराच वेळ ऐकलं, मग गाडी बंद केली, बॉनेट लावलं आणि त्यावर दोन्ही हात टेकून तशाच उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलताना मला दिसले. मी आत जाऊन चहा टाकला.

खोली सोडायचा विषय नंतर निघाला नाही. त्यांनी काढला नाही, मीही नाही. पुढे वर्षभर, काका होते तोवर, त्या गाडीचं जे काय करायचं ते आम्ही दोघींनी त्या बोळात केलं, आणि दर वेळी गाडी आधी उलटी लावून, तोंड रस्त्याकडे करून.

पण त्या शुक्रवारची सकाळ मला सगळ्यांत जास्त आठवते. मी लॅबमध्ये सुट्टी टाकली होती. मागच्या सीटवर काकांच्या शेजारी, त्यांचा हात हातात धरून बसले होते. बोगदा आला तेव्हा काकूंनी दिवे लावले. मी दुसऱ्या हाताने दाराची मूठ धरली. काही झालं नाही. गाडी नुसती गुणगुणत बोगद्यातून पार झाली आणि उन्हात आली.

काका आरशात काकूंकडे बघत होते. ही बाई गाडी चांगली चालवते, असं त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. मग त्यांना काळजी वाटायला लागली. आपल्याला सोडल्यावर ही एकटीच एवढ्या लांब परत जाणार की काय, ते मला विचारायला लागले. मी उत्तर देण्याआधीच ते पुढे वाकले आणि त्यांनी काकूंनाच विचारलं, "बाई, तुमले घर पोचाडाले कोनी शे का?"

सिग्नल सुटला होता. काकूंनी गिअर टाकला.

"शे," त्या म्हणाल्या.